फूटपाथवरची नोकरी

समाजकार्य किंवा मानसशास्त्र शिकून बाहेर पडणाऱ्या मुलामुलींनी बेघरांच्या व्यसनमुक्तीचे आणि मानसिक आरोग्याचे काम पत्करावे का? गरजेबद्दल वाद नाही. २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाखांहून अधिक बेघर नोंदले गेले, त्यांतले दोन लाखांवर महाराष्ट्रातले. पुलाखाली झोपणाऱ्यापर्यंत प्रगणक कितपत पोचतो, हा भाग वेगळा.

या कामाला यश येते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. डॉ. भरत वाटवानी यांच्या श्रद्धा संस्थेने रस्त्यावरच्या मनोरुग्णांवर कर्जतला उपचार करून त्यांना देशभरातल्या आपापल्या घरी पोचवले. २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार त्याच कामाचा. औषधाने माणूस भानावर येतो, पण त्याच्या तुटक बोलण्यातून गावाचे नाव काढायला शेजारी बसणारे कोणीतरी लागते.

व्यसनाचे प्रकरण याहून बिकट. पुण्यात १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले, तेव्हापासून आपल्याकडे रुजलेल्या उपचारपद्धतीत कुटुंबाला मोठे स्थान आहे. फूटपाथवरच्या गर्दुल्ल्यासाठी सही करायला नातेवाईक कुठून आणायचा? टर्की, म्हणजे नशा तुटल्यावरचा त्रास, सोसून, कोरडा होऊन तो बाहेर पडतो आणि रात्री त्याच पुलाखाली, त्याच टोळक्यात जातो. प्यायलेल्याला निवारागृहात सहसा घेत नाहीत. निवारा नसला की पिणे सुटत नाही. आधी खाट द्या, मग समुपदेशनाचे बोला, असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे म्हणूनच खोडता येत नाही. मात्र खाट मिळाली तरी तिच्यावर टिकून राहायला मदत लागतेच. समुपदेशकाचे अर्धे काम तर जखमेची मलमपट्टी, क्षयाच्या गोळ्या आणि आधार कार्ड यांतच जाते. ते अभ्यासक्रमात नसते.

कायदा आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मधील कलम १०० पोलिसांवर जबाबदारी टाकते: मानसिक आजारामुळे स्वतःला सांभाळू न शकणारी व्यक्ती भटकताना आढळली, तर तिला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे. त्यानंतरची वर्षे कोणी निभवायची? बहुतेक वेळा प्रकल्पाच्या निधीवर, तुटपुंज्या मानधनावर राबणारा समुपदेशक. निधी संपला की तो जातो. आधीच सगळ्यांनी सोडलेल्या माणसाला आणखी एक जण सोडून गेलेला दिसतो, आणि नव्याला तो स्वतःचे खरे नावही सांगत नाही. कंत्राटी नेमणूक समुपदेशकावर अन्याय करतेच, पण तिच्यामुळे उपचारही मोडतो. आमचा मुख्य आक्षेप हाच.

मग कायम पदे भरावीत? होय, पण धास्ती बाळगूनच. कायम झालेला माणूस टेबलाला चिकटतो, हा आपला अनुभव. आणि बेघर माणूस केस पेपर काढून रांगेत उभा राहणार नाही. पदाचे ठिकाण फूटपाथ आणि वेळ रात्रीची, हे नेमणूकपत्रातच असावे. व्यसनातून बाहेर पडलेल्यांसाठीही यात जागा ठेवाव्यात. पदवी नसली तरी त्यांना त्या टोळक्यात शिरता येते. मात्र रोज नशेच्या वासात उभे राहणे त्यांच्यासाठी जोखमीचे आहे, म्हणून त्यांना एकटे पाठवू नये.

हे होईपर्यंत या वाटेला येणाऱ्यांना आम्ही अडवणार नाही. फक्त मुलाखतीत त्यांनी पगाराबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: अवघड दिवशी आमचे ऐकून घेणारे वरिष्ठ कोण, आणि प्रकल्प संपल्यावर आमची माणसे कोणाच्या हवाली करणार? यावर नुसते हसू मिळाले, तर दुसरी संस्था शोधावी.