हेडसेट मुलाच्या डोळ्यांवर, पण एक स्क्रीन आपल्याकडे



सेल लागले की आपल्याकडे एक प्रश्न हमखास येतो: "मुलाला व्हीआर हेडसेट हवाय, घ्यावा का?" निम्मे म्हणतात, अजिबात नको, डोळे बिघडतील. उरलेले म्हणतात, सगळे मित्र खेळतात, आपलं एकटं पडेल. माझं मत जरा वेगळं आहे. घ्यायचा असेल तर घ्या, पण तो डेस्कटॉपला जोडा, डेस्कटॉप हॉलमध्ये ठेवा आणि त्याला दोन मॉनिटर लावा. एक मुलाचा, एक आपला.

कारण सांगते. टीव्ही असो, टॅब असो, मूल काय बघतंय ते जाता-येता दिसतं. पोळ्या लाटता लाटता मान वळवली तरी कळतं. हेडसेट चढवला की ते संपलं. मूल आपल्यासमोर उभं असतं, हात हवेत असतात, कुणाशी तरी हसून बोलत असतं, आणि पलीकडे कोण आहे याचा आपल्याला पत्ता नसतो. व्हीआरमधल्या बऱ्याच खेळांत अनोळखी माणसांशी थेट आवाजात बोलता येतं, हे विसरू नका. इथे सोफ्यावर बसून "काय रे, कोणाशी बोलतोयस?" असं विचारणारे आजोबा नाहीत. ते काम त्या दुसऱ्या मॉनिटरला द्या.

कोणी म्हणेल, हेडसेटमधलं दृश्य फोनवरही कास्ट करता येतं की! येतं. पण ते दर वेळी आठवणीने सुरू करावं लागतं, आणि आठवड्याभरात आपणच कंटाळतो. मॉनिटर मात्र तिथेच असतो. स्टीमव्हीआरच्या मेनूत व्हीआर व्ह्यू सुरू केला की मुलाला दिसतंय ते खिडकीत उमटतं. ती खिडकी आपल्या बाजूच्या मॉनिटरवर ओढून ठेवायची. सेटिंगमध्ये आवाजही स्पीकरवर घेता येतो. आणि हे चोरून करायचं नाही, मुलाला सांगून करायचं. "मला दिसतंय" हे त्याला माहीत असणं यातच अर्धं काम होतं.

आता जोडणी. बरेच जण इथेच घाबरतात आणि दुकानातल्या माणसाला पैसे देतात. गरज नाही. चार गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली: मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात खोचायची, मदरबोर्डात नाही. डब्याच्या मागे वर एक पोर्टचा गठ्ठा दिसतो, तो मदरबोर्डचा. खाली आडव्या ओळीत असतात ते सहसा कार्डाचे. महागडं कार्ड घेऊन केबल वर लावली तर खेळ रखडतो आणि मग "कॉम्प्युटरच खराब" म्हणून परत करायला निघतात लोक.

दुसरी: केबल घेण्याआधी पोर्ट मोजा. हल्लीच्या बऱ्याच कार्डांवर तीन डिस्प्लेपोर्ट आणि एक एचडीएमआय असतं. व्हॉल्व्ह इंडेक्सला डिस्प्लेपोर्ट लागतो. प्लेस्टेशन व्हीआर२ पीसीला जोडायचा अडॅप्टर घेतलात तर त्यालाही डिस्प्लेपोर्टच लागतो. तेव्हा एक मॉनिटर एचडीएमआयवर टाका आणि एक डिस्प्लेपोर्ट हेडसेटसाठी मोकळा ठेवा. मेटा क्वेस्टचं तसं नाही. त्याचं चित्र यूएसबी केबलमधून किंवा वाय-फायवरून जातं, त्यामुळे मॉनिटरचा पोर्ट अडत नाही.

तिसरी: वाय-फायवर चालवायचं असेल तर कॉम्प्युटर राउटरला केबलने जोडा, आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झवर, शक्यतो राउटर असलेल्या खोलीत ठेवा. चित्र अडखळलं की मूल गरगरतं, आणि दोष आपण खाण्याला देतो.

चौथी: विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये 'एक्स्टेंड' निवडा, आणि स्क्रीनवरचे १ आणि २ हे चौकोन टेबलावर जसे मॉनिटर आहेत तसेच मांडा. नाहीतर माउस भलतीकडूनच बाहेर येतो. मॉनिटर १४४ हर्ट्झचा असेल तर तो खरोखर तेवढ्यावर आहे का, तेही बघा. अनेकदा तो ६० वरच पडून असतो.

आणि ही सगळी खटपट मुलाकडून करून घ्या, मराठीतून. आपल्या मुलांचं मराठी कुठे अडकलंय बघा: जेव, झोप, आवर, चप्पल घाल. हुशारीचं, हातातलं, आवडीचं काम सुरू झालं की भाषा लगेच बदलते. टेबलाखाली घुसून "ती जाड वायर दे, उलटी आहे, फिरव, जोर लावू नको, खट् आवाज आला का?" असं तासभर बोललात, तर मराठी फक्त ताटापुरती राहणार नाही. केबल आणि पोर्ट हे शब्द इंग्रजी राहू देत, काही बिघडत नाही. क्रियापदं आपली असली की पुरे.

वयाचंही बघा. मेटाने २०२३ पासून १० ते १२ वर्षांच्या मुलांना पालकांच्या ताब्यातल्या खात्यावर परवानगी दिली आहे. सोनी १२ वर्षांखालच्या मुलांना व्हीआर२ देऊ नका म्हणते. "वर्गातल्या सगळ्यांकडे आहे" हे त्यावरचं उत्तर नव्हे. लहान डोक्यावर भिंगांमधलं अंतर जुळत नसेल तर चित्र धूसर दिसतं, ते आधी तपासा. हेडसेट खिडकीपाशी उन्हात ठेवू नका, भिंगांतून ऊन आत एकवटून स्क्रीन जळते. आणि साधारण दोन मीटर बाय दोन मीटर जागा मोकळी नसेल तर उभ्याने खेळू देऊ नका. काचेचं टेबल आधी हलवा.

"एवढा खर्च करून वर पहारा कशाला?" असं वाटेल. मला तो पहारा वाटत नाही. मूल ज्या जगात शिरलंय, त्याची एक खिडकी आपल्याही घरात उघडी असावी, एवढंच. त्या खिडकीतून बघता बघता "हे काय आहे रे, मला सांग ना" असं विचारता येतं. बंद खोलीच्या दाराबाहेरून ते विचारता येत नाही.

तुमच्याकडे डेस्कटॉप कुठे आहे, हॉलमध्ये की बेडरूममध्ये? आणि का? खाली लिहा. पटलं नसेल तर तेही लिहा, बोलू.