शंभर ग्रॅमचे जेवण

युरोपच्या सहलीला निघालेल्या मराठी कुटुंबाच्या बॅगेत निम्मे कपडे आणि निम्मा फराळ असतो. चिवडा, चकल्या, मेतकूट, लिंबाचे लोणचे. यात हसण्यासारखे काही नाही. चार दिवस नुसत्या पाव-बटाट्यावर काढलेल्या माणसालाच मेतकुटाची किंमत कळते! पण निदान इटलीत तरी भर दुपारी हॉटेलच्या खोलीत बसून चिवडा खाण्याची वेळ येऊ नये. तिथले कोपऱ्यावरचे लहानसे दुकान तेवढे ओळखता आले पाहिजे.

या दुकानाला 'सालुमेरिया' म्हणतात. सालुमी म्हणजे मिठात मुरवलेले मांस, आणि तेही बहुतेक डुकराचे. दारातच तंगड्या टांगलेल्या असतात. त्यामुळे आपल्याकडचा शाकाहारी माणूस उंबरठ्यावरूनच माघारी फिरतो आणि मग एखाद्या रेस्टॉरंटमध्ये बसून फिकट सॅलडचे भलतेच पैसे मोजतो. शिवाय तिथे नुसते टेबलाशी बसण्याचे माणशी दोन-तीन युरो बिलात वेगळे लावलेले असतात, ते निराळेच.

सालुमेरियात तसे नसते. काचेच्या कपाटात सगळे मांडलेले असते, बोट दाखवायचे आणि वजनावर घ्यायचे. वजनाचे माप म्हणजे 'एत्तो', शंभर ग्रॅम. 'उन एत्तो' म्हटले की शंभर, 'मेझ्झो एत्तो' म्हटले की पन्नास. दुकानदार कागदावर घालून तराजूवर ठेवतो आणि वजन पटले का, अशा अर्थाने तुमच्याकडे बघतो. पन्नास ग्रॅम मागितले म्हणून कोणी नाक मुरडत नाही. मांस खाणाऱ्यांनी बोलोन्यात असाल तर मोर्तादेल्ला जरूर मागावा. तो याच गावचा. गुलाबी मांसात चरबीचे पांढरे चौकोनी तुकडे असलेला, अगदी पातळ कापलेला. पावात घालून हातात घ्यायचा, की जेवण झाले.

शाकाहारी माणसाने त्याच कपाटाच्या दुसऱ्या टोकाला जावे. तेलात मुरवलेले वांग्याचे काप, भाजून सोललेली लाल मिरची, उन्हात वाळवलेले टोमॅटो, आर्टिचोक, हिरवे-काळे ऑलिव्ह, आपल्या राजम्याच्या जातीचे उकडलेले पांढरे दाणे. ताटाची डावी बाजू सजवायला याहून काय हवे?

आता जरा सावध राहायची जागा, ती म्हणजे पाव. बोलोन्याच्या पूर्वेला रोमान्या नावाचा भाग आहे. तिथली 'पियादिना' दिसायला थेट आपल्या पोळीसारखी, तव्यावर भाजलेली. पाहताच जीव हरखतो. पण तिच्या कणकेत पूर्वापार डुकराची चरबी घालतात. ऑलिव्ह तेलाचीही मिळते, मात्र विचारावे लागते. फेरारा गावच्या पिळाच्या पावातही चरबी असते. तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात. हा एक शब्द लिहून खिशात ठेवावा. आणखी एक सांगते. 'मांस नको' एवढेच म्हटले, तर माणूस मोठ्या प्रेमाने ट्यूना मासा घालून देऊ शकतो. मासाही नको, हे वेगळे सांगावे.

आणि चीज. इथे मात्र प्रश्न नाजूक होतो.

बोलोन्याला माझ्याबरोबर आत्या होती. वय अडुसष्ट, अंडेसुद्धा न चालणारी. सहलीच्या सहाव्या दिवशी डब्यातला चिवडा तळाला गेला होता आणि आत्या दिवसाकाठी केळ्यांवर आली होती. दुकानदाराने तिच्यासमोर पार्मेझानचा तुकडा चाखायला धरला. पार्मेझान याच मुलखाचे. एकेक चाक चाळीस किलोच्या आसपास, त्याला दूध लागते साधारण साडेपाचशे लिटर, आणि ते कमीत कमी बारा महिने मुरवावे लागते. घटक म्हणाल तर तीनच: दूध, मीठ आणि रेनेट. हे रेनेट म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, आणि पार्मेझानसाठी ते वासराच्या पोटातलेच वापरावे लागते, असा नियमच आहे. आपल्याकडे हिरव्या ठिपक्याचे चीज मिळते. त्यासाठी प्राण्याचे रेनेट वापरत नाहीत. तिथे तसा ठिपका शोधून सापडत नाही.

सांगावे की न सांगावे? 'परदेशात एवढे कोण बघतो, दूधच तर आहे,' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. उपाशी माणसाच्या तोंडचा घास काढून घेणे सोपे नसते, हे खरे. पण तिचे व्रत तिचे, ते मोडायचे की पाळायचे हे मी तिच्या अपरोक्ष ठरवणार कोण? मी सांगितले.

आत्याने तुकड्याकडे एकदा पाहिले. "वास छान येतो गं," म्हणाली आणि हात जोडून दुकानदाराला नको म्हणून खुणावले. तो काही क्षण गोंधळला. मी कपाटावरच्या पाटीतला 'काल्यो' हा शब्द दाखवला. रेनेटला ते काल्यो म्हणतात. त्याबरोबर त्याची ट्यूब पेटली. आत जाऊन त्याने दुसरे एक मऊसर चीज आणले आणि वेष्टनावरच्या ओळीवर बोट ठेवले: काल्यो वेजेताले, म्हणजे वनस्पतीचे रेनेट. आत्याने ते शंभर ग्रॅम घेतले. वर वांगी, दाणे आणि चरबी नसलेला पाव. दोघींचे मिळून बारा युरो झाले.

खायचे कुठे? बाजाराच्या गल्लीतच 'ओस्तेरिया देल सोले' म्हणून 1465 पासूनचे मद्यालय आहे. तिथे फक्त पेये मिळतात, खायचे आपले आपण न्यायचे. पुड्या सोडून लोक लाकडी टेबलांवर निवांत जेवत असतात. आत्या कोपऱ्यातल्या बाकावर बसली, पदर सावरला आणि सहा दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

"दारूच्या गुत्त्यात बसून जेवले, हे तेवढे घरी सांगू नकोस हं," एवढेच म्हणाली. (तिने स्वतःच सगळ्यांना सांगितले.)

लहान गावांत मात्र ही दुकाने भर दुपारी दोन-तीन तास बंद असतात. तिथे साडेबाराच्या आतच पुड्या बांधून घ्याव्यात.