ताप आला तर आधी प्रवास सांगा

परदेशातून परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला, तर डॉक्टरांपुढे बसल्याबरोबर पहिलं हे सांगा: कुठल्या देशात होतो आणि कोणत्या तारखेला परतलो. अंग किती दुखतंय ते मग. आपल्याकडे उलटं होतं. सहलीचे फोटो अख्ख्या सोसायटीने पाहिलेले असतात आणि दवाखान्यात मात्र "हवा बाधली असेल" एवढ्यावर भागवलं जातं.

तुमच्या उपचारासाठी ही माहिती हवीच. आफ्रिकेतून आणलेला फॅल्सिपेरम हिवताप वेळेत ओळखला नाही तर जिवावर बेततो. पण तुमच्या तापातून डॉक्टरांना तुमच्यापलीकडचंही काही कळतं. 2013 साली जपान फिरून आलेल्या एका जर्मन प्रवासी बाईंना डेंग्यू निघाला. जपानमध्ये तेव्हा जवळजवळ 70 वर्षांत स्थानिक डेंग्यूची नोंद नव्हती. पुढच्याच उन्हाळ्यात टोकियोच्या योयोगी बागेभोवती साथ उघड झाली आणि दीडशेच्या वर रुग्ण निघाले.

क्युबाची गोष्ट याहून मोठी. 2017 मध्ये जगाला वाटत होतं की झिकाची साथ ओसरली. त्या वर्षीच्या क्युबातल्या रुग्णांचे आकडे बाहेर येतच नव्हते. पण तिथून फ्लोरिडात आणि युरोपात पोचलेल्या प्रवाशांना झिका होत होता. संशोधकांनी त्या नोंदी जुळवल्या, प्रवाशांमध्ये सापडलेल्या विषाणूची जनुकीय तपासणी केली आणि क्युबात हजारोंना लागण झाल्याचा अंदाज 2019 मध्ये मांडला. ज्या देशाचा आकडा कागदावर नव्हता, तो पाहुण्यांच्या तापावरून काढता आला. प्रवाशांवर उपचार करणाऱ्या देशोदेशीच्या दवाखान्यांचं 'जिओसेंटिनेल' नावाचं जाळं 1995 पासून असल्याच नोंदी गोळा करतं. पण रुग्णाने तोंडच उघडलं नाही तर तिथे नोंद होणार कशाची?

याच्या उलटही घडतं: प्रवासी आजार नव्या जागी नेतो. 2007 मध्ये भारतातून इटलीत नातेवाइकांकडे गेलेल्या एका माणसाला तिथे ताप भरला. त्याला चावलेल्या डासांनी रावेन्ना भागातल्या दोन गावांत चिकुनगुनिया पसरवला. दोनशेहून अधिक माणसं आजारी पडली. त्यात त्या पाहुण्याचा काय दोष? पण ताप असेपर्यंत त्याला डासांपासून जपलं असतं, तर कदाचित हे टळलं असतं.

म्हणून ताप असताना दिवसासुद्धा मच्छरदाणीत झोपा, कारण डेंग्यू-चिकुनगुनियाचा एडिस डास उजेडी चावतो. बहुतेकांना झिकाची लक्षणं दिसतच नाहीत. तेव्हा झिका असलेल्या भागातून आलात तर ठणठणीत असूनही तीन आठवडे डास चावू देऊ नका. झिका शरीरसंबंधातूनही पसरतो, म्हणून पुरुषांनी तीन महिने निरोध वापरावा आणि जोडीदार गरोदर असेल तर ती बाळंत होईपर्यंत. पुरंदरच्या बेलसर गावात 2021 मध्ये आणि पुणे शहरात 2024 मध्ये झिका सापडला होता, हेही ध्यानात असू द्या.

तापावर फक्त पॅरासिटामॉल घ्या. डेंग्यूची शंका असेल तर ॲस्पिरिन, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो.

करोनानंतर बरेच जण प्रवास लपवतात; कोंडून ठेवतील अशी धास्ती असते. डेंग्यू, चिकुनगुनिया, हिवताप रुग्णाजवळ बसल्याने लागत नाहीत. घरच्यांनी खुशाल जवळ बसावं, जेवण भरवावं. डास तेवढा दूर ठेवावा.

आणखी एक. व्हायवॅक्स हिवतापाचे जंतू यकृतात महिनोन् महिने दडून राहू शकतात. सहल विसरून गेल्यावर, सहा-आठ महिन्यांनी थंडी वाजून ताप आला, तरी केसपेपर काढताना त्या देशाचं नाव सांगा आणि हिवतापासाठी रक्त तपासायला लावा.