लहान देश, मोठे देश आणि गडचिरोलीचे मणी

दरवर्षी भाद्रपदाच्या आगेमागे जिनेव्हा येथील जागतिक बौद्धिक संपदा संघटना निरनिराळ्या राष्ट्रांच्या नवोन्मेषाची क्रमवारी प्रसिद्ध करीत असते. २०२५ सालच्या क्रमवारीत १३९ राष्ट्रांची नावे होती व त्यांत आपला क्रमांक ३८ वा लागला. २०१५ साली तो ८१ वा होता, हे ध्यानी घेतले म्हणजे ही प्रगती लहान म्हणता येणार नाही. परंतु पहिल्या जागी २०११ पासून एकच नाव ठाण मांडून बसले आहे, ते स्वित्झर्लंडचे. ही वार्ता वर्तमानपत्रात आली म्हणजे सुशिक्षित घरांतून, जेवणाच्या पंक्तीत, तिच्यावर दोन प्रकारचे उद्गार निघतात. कोणी म्हणतो, "एवढा खंडप्राय देश आपला, आणि हे मूठभर लोक आपल्या पुढे!" दुसरा म्हणतो, "त्यांच्यापाशी पैसा आहे. आपल्यापाशी असता तर आपणही करून दाखविले असते." एक उद्गार आकाराविषयी, दुसरा संपत्तीविषयी. या दोहोंत कितपत तथ्य आहे, ते या खेपेस वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे. त्याकरिता फार दूर जावे लागणार नाही. ज्या अरण्यप्रदेशात बसून आम्ही हे लिहीत आहो, त्या गडचिरोली जिल्ह्यानेच या प्रश्नाचे एक उत्तर देऊन ठेविले आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. संस्कृत शिकविण्यात जन्म गेल्यामुळे ही खोड सुटत नाही. उन्मेष म्हणजे पापणी उघडणे. आपल्या जुन्या साहित्यशास्त्रकारांनी प्रतिभेचे लक्षण सांगताना हाच शब्द योजिला आहे. नव्या वस्तूच्या निर्मितीपेक्षा नव्या दृष्टीवर त्यांचा भर दिसतो. इंग्रजी शब्दाचे हे भाषांतर ज्याने केले, त्याने ते विचारपूर्वक केले असे आम्हांस वाटते. असो.

आता आकाराचा हिशेब पाहू. गेल्या क्रमवारीतील पहिल्या दहा राष्ट्रांत स्वित्झर्लंड, स्वीडन, सिंगापूर, फिनलंड, नेदरलँड्स आणि डेन्मार्क ही सहा राष्ट्रे अशी आहेत की त्यांतील एकाचीही लोकसंख्या दोन कोटींस पोचत नाही. सहाही देशांची माणसे एकत्र केली तरी २०११ च्या महाराष्ट्राच्या जेमतेम निम्मी भरतील. एकटे स्वित्झर्लंड घेतले तर त्याचे क्षेत्रफळ सुमारे ४१ हजार चौरस किलोमीटर, आणि एकट्या गडचिरोली जिल्ह्याचे १४ हजारांहून अधिक. म्हणजे असले तीन जिल्हे एकत्र केले की स्वित्झर्लंडपेक्षा मोठा मुलूख झाला. परंतु यावरून लहान देशच बुद्धिमान असतात असा सिद्धान्त कोणी बांधू लागेल तर तोही टिकावयाचा नाही. त्याच दहांत अमेरिका आहे आणि चीनही आहे, आणि क्रमवारीच्या तळाशीही लहान देशांची वाण नाही. आकाराने काही सिद्ध होत नाही, एवढेच सिद्ध होते.

संपत्तीचे प्रकरण इतके सोपे नाही. वरच्या पायऱ्यांवर बहुतेक सारी श्रीमंत राष्ट्रेच आहेत, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ही क्रमवारी लाविली कशी जाते ते पाहावे. सुमारे ऐंशी गोष्टी मोजल्या जातात. त्यांत पेटंटे व शोधनिबंध जसे आहेत, तसे रस्ते, वीज, विद्यापीठे, भांडवलाची सुलभता हेही आहेत. म्हणजे श्रीमंतीचे काही गुण श्रीमंतीबद्दलच मिळतात! परीक्षेत उत्तरांबरोबर पाटी-पुस्तकांनाही गुण द्यावे, तशातला हा प्रकार आहे. याच संघटनेने हिंदुस्थानविषयी वर्षानुवर्षे असे नमूद केले आहे की, उत्पन्नाच्या मानाने या देशाची कामगिरी अपेक्षेहून अधिक भरते. उलटपक्षी कुवेत व कतार यांच्याकडे पाहा. दरडोई उत्पन्नात त्यांच्यापुढे आपण कोठेच नाही. तरी २०२४ च्या क्रमवारीत ती दोन्ही राष्ट्रे आपल्या मागे होती. भूमीतून निघालेला पैसा आणि डोक्यातून निघालेला पैसा यांत हा भेद आहे. दक्षिण कोरियाची गोष्ट याहून बोलकी आहे. १९५३ साली तेथील युद्ध थांबले तेव्हा तो देश जगातील अत्यंत दरिद्री देशांत मोडत होता. आज तो चौथ्या जागी आहे आणि राष्ट्रीय उत्पन्नाचा शेकडा पाचच्या आसपास भाग संशोधनावर खर्च करितो. आपला हाच आकडा २०२०-२१ साली शेकडा ०.६४ होता. कोरिया श्रीमंत झाला आणि मग शोध लावू लागला असे नव्हे. शिक्षण आणि शोध हे त्याच्या श्रीमंतीच्या कारणांतलेच एक. संपत्ती ही येथे आई आहे की लेक, हे ठरविणे कठीण.

आता आमच्या जिल्ह्याकडे वळतो. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा काढलेला हा जिल्हा महाराष्ट्रातील अत्यंत निर्धन जिल्ह्यांपैकी एक म्हणून ओळखला जातो. तीन-चतुर्थांशाहून अधिक भूमी अरण्याची, २०११ ची लोकसंख्या १० लाख ७२ हजार. अशा ठिकाणी १९८६ साली डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग हे दांपत्य, अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन, मुंबई-पुणे सोडून येऊन राहिले व त्यांनी 'सर्च' ही संस्था स्थापिली. धानोऱ्याच्या वाटेवर चातगावानजीक तिचे शोधग्राम आहे. दवाखाना कसा असावा हे त्यांनी आदिवासींनाच विचारले, म्हणून तो भव्य इमारतीऐवजी झोपड्यांच्या वस्तीसारखा बांधला गेला आणि त्यास दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले.

येथे लहान मुले न्यूमोनियाने फार दगावत. हा रोग ओळखण्याची खूण सोपी आहे: मुलाचा श्वास जलद चालतो, मिनिटभर तो मोजला की झाले. परंतु मोजावयाचा कोणी? डॉक्टर दूर, आणि गावात जी जाणती बाई, म्हणजे सुईण, तिला चाळीस-पन्नासपर्यंत आकडे येत नाहीत. शहरातला विद्वान येथे थांबला असता आणि 'आधी साक्षरता वाढवा' असा अभिप्राय देऊन परतला असता. बंग दांपत्याने मण्यांचे एक साधे यंत्र केले. त्यात एक मिनिटाची वाळूची घटिका. दहा श्वास झाले की सुईणीने एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी तांबडा मणी सरकविण्याची पाळी आली तर मुलास न्यूमोनिया आहे असे समजून औषध सुरू करावयाचे. दहापर्यंत मोजता येणाऱ्या कोणत्याही बाईस ते जमते. गावच्या माणसांकडून औषधोपचार करविण्याच्या या प्रयोगाचा निबंध १९९० साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यक पत्रात आला. ज्या गावांत प्रयोग झाला, तेथील बालकांचे न्यूमोनियाचे मृत्यू शेजारच्या गावांच्या निम्म्याच्याही खाली गेले होते. पेटंटांची संख्या मोजणाऱ्या कोष्टकात असल्या मण्यांची नोंद कोठे व्हावयाची?

याहून कठीण प्रश्न नवजात अर्भकांचा होता. आमच्या वाचकांपैकी वडील पिढीतील स्त्रियांस बाळंतिणीची काळोखी खोली, शेगडीचा धूर आणि दहा दिवसांची सोयर आठवत असेल. तेव्हा आदिवासींच्या समजुतींस हसण्याचा अधिकार आपल्यापैकी थोड्यांसच आहे. गर्भारपणी बाईने कमी खावे, म्हणजे मूल लहान राहून सुटका सोपी होते, अशी समजूत येथील खेड्यांत होती. १९९५ च्या सुमारास शंभरांतील पंचाण्णव बाळंतपणे घरीच होत. त्या वेळचे वैद्यकशास्त्र सांगे की, आजारी अर्भकास रुग्णालयातच नेले पाहिजे. शास्त्र बरोबर होते, पण अर्भक रुग्णालयात जात नव्हते. १९९५-९६ साली ३९ गावांतील ७६३ अर्भकांची घरोघर पाहणी झाली. शेकडा ५४ अर्भकांना वैद्यकीय उपचारांची गरज होती, आणि ज्यांना डॉक्टरने पाहिले ती शेकडा २.६. या दोन आकड्यांमधल्या दरीत मुले मरत होती.

उपाय म्हणून गावोगावच्या, पाचवी ते दहावीपर्यंत शिकलेल्या स्त्रिया निवडून त्यांस शिकविण्यात आले. त्यांचे नाव आरोग्यदूत. बाळाचे वजन करणे, ताप पाहणे, ऊब राखणे, जन्मतः न रडलेल्या बाळास पिशवी व मुखवट्याच्या साहाय्याने श्वास देणे, येथवर कोणाचा विरोध नव्हता. परंतु जंतुदोष झालेल्या अर्भकास प्रतिजैविकाचे इंजेक्शनही तिनेच द्यावे, ही गोष्ट त्या काळी धाडसाची होती. खेड्यातली बाई, हातात सुई, समोर दोन किलोंचा जीव! १९९९ च्या डिसेंबरात 'लॅन्सेट'मध्ये परिणाम प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या ३९ गावांत हजार जन्मांमागे ६२ असलेला नवजात-मृत्यूंचा आकडा तीन वर्षांत २५ वर आला होता. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत तो ५८ चा ६० झाला होता. खर्च दर अर्भकामागे पाच डॉलरांच्या थोडा वर.

हे वाचून कोणी म्हणेल की दारिद्र्यच शोधाची जननी, मग पैसा हवा कशाला? तसे समजणे आम्हांस धोक्याचे वाटते. दरिद्री जिल्हे या देशात शेकड्यांनी आहेत. त्या सर्वांत काही मणी सरकले नाहीत. येथे जो प्रयोग झाला त्यामागे नागपूरचे वैद्यकीय शिक्षण होते, अमेरिकेतील विद्यापीठाचे संशोधनशास्त्र होते, आणि निबंध पारखून छापणारे लंडनचे पत्र होते. ही सारी श्रीमंतीची फळे. गडचिरोलीने दिला तो प्रश्न, आणि प्रश्नाशेजारी वर्षानुवर्षे राहण्याची जागा. शोधाला दोन्ही लागतात. आमची तक्रार एवढीच आहे की पहिल्या गोष्टीचा हिशेब सर्वत्र ठेविला जातो आणि दुसरीचा कोठेही नाही. ज्याच्या घरात अडचण आहे आणि ज्याच्या डोक्यात शास्त्र आहे, ती दोन माणसे एका गावात राहात नसतील तर देश लहान असो वा मोठा, त्या अडचणीवर शोध लागणे कठीण.

आकाराचा प्रश्नही येथे पुन्हा उपस्थित होतो, पण निराळ्या रूपाने. १९९९ साली जे सिद्ध झाले ते केंद्र सरकारने सर्व देशासाठी २०११ साली स्वीकारिले. मध्यंतरी महाराष्ट्रातील सात ठिकाणी तोच प्रयोग 'अंकुर' या नावाने करून पाहण्यात आला, आणि २००९ साली जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीही घरभेटींचा पुरस्कार केला. तरी बारा वर्षे गेलीच. नव्वद लाखांच्या देशात एवढा विलंब लागला असता की नाही, कोण जाणे. पण प्रयोगशाळेपासून मंत्र्याच्या मेजापर्यंतचे अंतर तेथे निश्चितच कमी असते. मात्र मोठ्या देशाने एकदा मनावर घेतले की त्याची पोच लहान देशाच्या स्वप्नातही येणार नाही. आज आशा कार्यकर्त्या दहा लाखांच्या घरात आहेत आणि धानोरा तालुक्यात जे शिकविले गेले ते त्यांच्या कामाचा भाग आहे. मोठेपणाचा उपयोग शोध लावण्यात नसून शोध पसरविण्यात आहे, असे आमचे मत या प्रकरणावरून बनले आहे.

जाता जाता मेंढा-लेखाचे नाव घेतले पाहिजे, कारण नवोन्मेष यंत्रांतच असतो असे नाही. सुमारे शंभर घरांचे हे गोंड गाव. सर्वसहमतीवाचून निर्णय नाही, हा त्यांचा नियम. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा. २००६ च्या वनाधिकार कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर वनावरचा सामूहिक हक्क त्यांना २००९ साली मिळाला, देशात अगदी पहिल्यांपैकी. आणि २०११ साली स्वतःचा बांबू स्वतः विकण्याचा परवाना. गावकऱ्यांचे अभ्यासगट कायदा वाचीत बसत, आणि त्या कायद्याचा उपयोग कसा करावा हे पुढे इतर गावांनी त्यांच्याकडून उचलले. गावाचा आकार आणि तिजोरी विचाराल तर क्रमवारीत शेवटच्या ओळीतही बसणार नाही.

हे सर्व आज लिहिण्याचे एक कारण आहे. एटापल्ली तालुक्यातील सूरजागडच्या डोंगरातून २०२१ पासून लोहखनिज मोठ्या प्रमाणावर निघू लागले आहे, कोनसरीस कारखाना उभा राहिला आहे, आणि गडचिरोली आता श्रीमंत होणार असे जो तो बोलू लागला आहे. होवो बापडी. शेजारच्या चंद्रपूर-बल्लारपुरात कोळसा शतकाहून अधिक काळ निघतो आहे; त्यातून वीज झाली, धूर झाला, मजुरी झाली; शोधांसाठी मात्र त्या मुलखाचे नाव कोणी घेत नाही. लोखंडाच्या पैशातून येथील मुलींच्या शाळेत एक बरी प्रयोगशाळा होते की नाही, गोंडी बोलणाऱ्या मुलास त्याच्या भाषेत विज्ञान सांगणारा शिक्षक मिळतो की नाही, हे आम्ही पाहात राहू.

आणि त्या आरोग्यदूतांच्या देशभरच्या बहिणींविषयी एक आकडा सांगून थांबतो. २०११ च्या योजनेप्रमाणे रुग्णालयात जन्मलेल्या बाळाच्या घरी ४२ दिवसांत सहा भेटी आणि घरी जन्मलेल्याच्या सात. पावसाळ्यात नाले भरून वाहत असले तरी त्या चुकवून चालत नाही. या सर्व भेटींबद्दल तिला द्यावयाचा मोबदला तेव्हा ठरला तो दर बाळामागे अडीचशे रुपये.