लिस्बनला दिलेला शब्द

अबू सालेमचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास कानावर येतो : मुंबईत २५७ माणसांचा जीव घेणाऱ्या कटात दोषी ठरलेल्याला किती वर्षे डांबायचे, हे सांगणारे पोर्तुगाल कोण? प्रश्न टाळ्या घेणारा आहे. पण इथे शब्द दिला होता तो आपण.

सप्टेंबर २००२ मध्ये सालेम लिस्बनला पकडला गेला, तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पणाचा करारसुद्धा नव्हता. त्या देशाने जन्मठेप १८८४ मध्येच मोडीत काढलेली. तिथली कमाल शिक्षा २५ वर्षे. फाशीची शक्यता असलेल्या देशाच्या हाती माणूस द्यायला त्यांची राज्यघटनाच आडवी येते. म्हणून १७ डिसेंबर २००२ रोजी तत्कालीन उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी लेखी हमी दिली : फाशी नाही आणि २५ वर्षांहून जास्त कैदही नाही. त्या कागदाच्या जोरावर सालेम नोव्हेंबर २००५ मध्ये भारतात आला. खटला चालला, शिक्षा झाली. आता कागद फाडा म्हणणे म्हणजे गरज सरो, वैद्य मरो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : मंत्र्याच्या पत्राने न्यायालय कसे बांधले जाईल? नाहीच जात. टाडा न्यायालयाने २०१७ मध्ये जन्मठेप दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ती कमी केली नाही. मात्र सरकार आपल्या शब्दाने बांधलेले आहे, असे त्याच निकालात बजावले. केंद्राचे म्हणणे होते, २०३० उजाडू द्या, मग बघू. उधारी मागायला आलेल्याला वाणसामान घेणाऱ्याने 'पुढच्या महिन्यात या' म्हणावे, तसेच हे!

ज्यांची माणसे १२ मार्च १९९३ ला गेली, त्यांना हा हिशेब पटणार नाही. त्यांच्याशी माझा वाद नाही. वाद आहे तो सार्वभौमत्वाचा झेंडा नाचवणाऱ्यांशी. हमीबाहेरची जादा कलमे लावून आपण एकदा हात पोळून घेतले आहेत : लिस्बनच्या न्यायालयाने २०११ मध्ये शर्तभंग ठरवला आणि २०१३ मध्ये ती कलमे मागे घेण्याची परवानगी आपल्याच तपासयंत्रणेला सर्वोच्च न्यायालयाकडे मागावी लागली. यात कुठले सार्वभौमत्व उजळले?

पळालेला माणूस परत मागताना भारताजवळ दाखवायला असते ती आपली पत. विजय मल्ल्याच्या प्रकरणात लंडनच्या न्यायाधीशांनी २०१८ मध्ये आर्थर रोड तुरुंगातल्या बारा नंबरच्या बराकीची चित्रफीत मागवली. कैद्याला उजेड मिळतो का, हे त्यांना डोळ्यांनी बघायचे होते. आपल्या हमीकडे इतक्या बारकाईने बघणारे न्यायाधीश सालेमच्या बाबतीत आपण काय करतो, हे बघणार नाहीत?

सर्वोच्च न्यायालयाने सरकारला सांगितले आहे : २५ वर्षे पूर्ण झाली की राज्यघटनेच्या कलम ७२ खाली राष्ट्रपतींना सल्ला द्या आणि कागदपत्रे महिन्याभरात पाठवा. ही वर्षे मोजायची आहेत १२ ऑक्टोबर २००५ पासून.