वेतनमर्यादा नेमकी कोणाला आवळते?

२०२४ च्या जूनमध्ये बोस्टन सेल्टिक्सने एनबीए या अमेरिकी व्यावसायिक बास्केटबॉल स्पर्धेचे विक्रमी अठरावे विजेतेपद पटकावले. त्यानंतर वर्ष उलटते न उलटते तोच त्या विजेत्या संघाची मोडतोड सुरू झाली. २०२५ च्या उन्हाळ्यात ज्रू हॉलिडेला पोर्टलंडकडे आणि क्रिस्टॅप्स पोर्झिंगिसला अटलांटाकडे धाडण्यात आले. प्रमुख खेळाडू जेसन टेटम याच्या गंभीर दुखापतीमुळे पुढच्या मोसमाची आशा मावळली होती, हे खरे. पण या मोडतोडीचे मूळ मैदानापेक्षा हिशेबाच्या वहीत अधिक होते. टेटम आणि जेलेन ब्राउन या दोघांचेच पगार मिळून वर्षाला दहा कोटी डॉलरांपलीकडे जात होते आणि संघाचे एकूण वेतन स्पर्धेने आखलेल्या शेवटच्या रेषेच्या वर गेले होते.

ही रेषा समजून घ्यायची तर वेतनमर्यादेची रचना पाहावी लागते. १९८४-८५ च्या मोसमात ही मर्यादा लागू झाली, तेव्हा ती प्रतिसंघ ३६ लाख डॉलर होती. २०२५-२६ साठी ती १५ कोटी ४६ लाख डॉलर होती. मात्र ही मर्यादा लवचीक आहे. बाहेरून नवा खेळाडू आणताना ती आडवी येते. पण तीन मोसम आपल्याकडे खेळलेल्या खेळाडूला राखण्यासाठी संघाला ती ओलांडता येते. या सवलतीला लॅरी बर्डचे नाव मिळाले आहे, आणि बर्ड हा बोस्टनचाच.

मर्यादा ओलांडणाऱ्यांना वेसण घालण्यासाठी पुढचे टप्पे आहेत. ठरावीक रकमेच्या (२०२५-२६ मध्ये १८ कोटी ७९ लाख डॉलर) पुढे ‘लक्झरी टॅक्स’ सुरू होतो आणि वर्षानुवर्षे तो भरणाऱ्या संघाला दर अधिक जबर लागतो. या कराचा मोठा भाग कर न भरणाऱ्या संघांच्या तिजोरीत जातो. परंतु अतिश्रीमंत मालक कराला भीत नाहीत, हे अनुभवाने दिसून आले. म्हणून २०२३ च्या कराराने ‘दुसरा ॲप्रन’ नावाची आणखी एक रेषा आखली. २०२५-२६ मध्ये ती २० कोटी ७८ लाख डॉलरांवर होती. ती ओलांडणाऱ्या संघाला अदलाबदलीत दोन खेळाडूंचे पगार एकत्र करून एक मोठा खेळाडू घेता येत नाही, व्यवहारात रोख रक्कम देता येत नाही, शिवाय सात वर्षांनंतरचा पहिल्या फेरीतील नवोदित निवडण्याचा हक्कही गोठवला जातो. दंड भरून मोकळे होण्याची वाटच येथे बंद केली आहे.

या साऱ्यातून मालकांचा पैसा वाचतो आणि खेळाडूंचा बुडतो, असा समज सहज होतो. वस्तुस्थिती अधिक गुंतागुंतीची आहे. एनबीएमध्ये मर्यादा एकतर्फी ठरत नाही. ती मालक आणि खेळाडूंची संघटना यांच्यातील सामूहिक करारातून ठरते. बास्केटबॉलशी निगडित उत्पन्नाचा ४९ ते ५१ टक्के वाटा खेळाडूंना मिळालाच पाहिजे, अशी तरतूद आहे. पगाराचा काही भाग आधीच राखून ठेवला जातो. एकूण वेतन ठरलेल्या वाट्यापेक्षा जास्त झाले, तर तो मालकांकडे परततो. कमी पडले, तर मालकांना फरक भरून द्यावा लागतो. म्हणजे मालक आणि खेळाडू यांच्यातील खरी लढाई या टक्केवारीवर होते. २०११ च्या टाळेबंदीपूर्वी हा वाटा ५७ टक्के होता. त्या टाळेबंदीत मोसम ६६ सामन्यांवर आला आणि खेळाडूंनी सहा-सात टक्के गमावले. त्यांचे खरे नुकसान झाले ते तेथे.

एकदा हा वाटा ठरला की मर्यादेचे नियम एवढेच ठरवतात, की तो कोणत्या खेळाडूला किती मिळावा. १९९७-९८ मध्ये मायकेल जॉर्डनचा पगार ३ कोटी ३१ लाख डॉलर होता, तर संपूर्ण संघाची मर्यादा २ कोटी ६९ लाख. त्यानंतर झालेल्या टाळेबंदीतून १९९९ मध्ये एका खेळाडूच्या पगारावरही कमाल मर्यादा आली. आज अनुभवानुसार ती संघमर्यादेच्या २५ ते ३५ टक्के आहे. ताऱ्यांच्या पगाराला टोपण बसले आणि उरलेला पैसा मधल्या फळीकडे वळला. दुसऱ्या ॲप्रनने हा प्रवाह उलटा फिरवला आहे. दोन-तीन ताऱ्यांना कमाल पगार दिल्यावर हॉलिडेसारख्या अनुभवी, महागड्या खेळाडूंना जागा उरत नाही. त्यांच्या जागी किमान वेतनावरचे नवखे येतात.

समतोलाचा हेतू साधला का? २०१९ ते २०२५ या सात मोसमांत सात वेगळे विजेते झाले आणि २०२५ चे विजेतेपद ओक्लाहोमा सिटीसारख्या लहान शहराने जिंकले. त्याचे सारे श्रेय मर्यादेला देता येणार नाही. तरी पैशाच्या जोरावर वर्षानुवर्षे सत्ता गाजवणे अवघड झाले, हे मान्य करावे लागेल. पण त्याची किंमत चांगली बांधणी करणाऱ्यांनाही मोजावी लागते. ओक्लाहोमाने विजयानंतर लगेच शे गिल्जस-अलेक्झांडर, चेट होल्मग्रेन आणि जेलेन विल्यम्स या तिघांशी मोठे करार केले आहेत. बोस्टनवर आलेली वेळ उद्या त्यांच्यावरही येऊ शकते.

आपल्याकडच्या आयपीएलशी ही रचना ताडून पाहण्याजोगी आहे. २०२५ मध्ये प्रत्येक संघाला लिलावासाठी १२० कोटी रुपये आणि कामगिरी-मोबदला व सामना-मानधन धरून १४६ कोटींची मर्यादा होती. दहा संघांचे मिळून १,४६० कोटी. २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क मात्र ४८,३९० कोटींना विकले गेले, म्हणजे वर्षाला सुमारे ९,६७८ कोटी. निव्वळ या एका उत्पन्नापुढे खेळाडूंचा वाटा १५ टक्क्यांच्या आसपास भरतो. मंडळाला देशांतर्गत क्रिकेट चालवावे लागते आणि ही स्पर्धा दोन-अडीच महिन्यांचीच असते, हे लक्षात घेतले तरी मूळ फरक उरतोच: येथे मर्यादा मंडळ ठरवते आणि तिच्यावर वाटाघाट करणारी, सध्या खेळणाऱ्या क्रिकेटपटूंची संघटनाच नाही.

म्हणून कोणत्याही वेतनमर्यादेकडे पाहताना ती केवढी आहे, याआधी ती कोणाच्या संमतीने ठरली आणि उत्पन्नाच्या किती हिश्शाशी बांधली गेली, हे विचारले पाहिजे. एनबीएची मर्यादा मधल्या फळीवर अन्याय करते, ही तक्रार रास्त आहे. पण सध्याच्या करारातून कोणत्याही पक्षाला २०२८-२९ च्या मोसमानंतर बाहेर पडता येते, आणि तेव्हा ती तक्रार मांडायला खेळाडूंकडे टेबलासमोर खुर्ची असेल. आपल्या क्रिकेटपटूंना ती अद्याप मिळालेली नाही.