पैलतीर न गांठणारा सेतु

फ्रान्सांतील आव्हिन्याँ नगरीं ऱ्होन नदीवर संत बेनेझेचा पूल आहे. त्याच्या २२ कमानींपैकीं आज ४ च उभ्या आहेत. तिकीट काढून आम्ही वर चढलों आणि नदीच्या पात्रांतूनच परत फिरलों! पलीकडील टोंकाचा राजाचा बुरूज दूर एकटाच दिसतो.

एका मेंढपाळ पोरास दैवी आज्ञा झाली व ११७७ मध्यें काम सुरू झालें, अशी आख्यायिका आहे. १२२६ मध्यें आठव्या लुईच्या वेढ्यांत पूल उद्ध्वस्त झाला. तो पुन्हां उभारला. पुढें महापुरानें कमानी पाडाव्या आणि लोकांनीं त्या बांधाव्या, असें पिढ्यान् पिढ्या चाललें. १३४८ पासून अलीकडील नगर पोपचें, पलीकडे फ्रेंच राजा. एवढ्या खर्चाचा पूल नक्की कोणाचा? १६६९ च्या पुरानें आणखी कमानी नेल्या, तेव्हां त्याचा नाद सर्वांनींच सोडला. वेढ्यापेक्षां हा कंटाळाच पुलास अधिक बाधला, असें आम्हांस वाटतें.

या पुलावर नाचण्याचें गाणें फ्रेंच मुलांच्या तोंडीं असतें. रुंदी मात्र ५ मीटरहि नाहीं!

पुलावरच संत निकोलसचें प्रार्थनामंदिर आहे. हा संत नावाड्यांचा कैवारी. आणि पुलानें पोट मारलें असेल, तर तें नावाड्यांचेंच! पूल मोडल्यावर उतारू पुन्हां त्यांच्याकडेच वळले. समोरच्या बेटावर आम्हीहि गेलों, तें होडीनेंच.